मुका ऊंस ऊर्फ डिफेनबेकिया

शहरांजवळच्या खेड्यांतून भाजीपाल्याबरोबर शोभेच्या झाडांचा धंदाहि आतां चांगलाच वाढला आहे. पुणें-सोलापूर रस्त्यानें सोरतापवाडी, उरुळी कांचन ह्या बाजूस गेलें असतां रोपवाटिकांच्या हिरव्या जाळ्या जागोजाग दिसतात, आणि त्यांखालीं मांडलेल्या कुंड्यांत एक झाड बहुतेक हटकून आढळतें. हात-दीड हात उंचीचा, पेरें असलेला हिरवा दांडा, त्यावर मोठीं लांबट पानें, आणि पानांवर कोणीं दुधाचे शिंतोडे उडवावे तसे पांढरे-पिवळे ठिपके, असें त्याचें रूप असतें. विकणारा त्यास डिफेनबेकिया म्हणतो. इंग्रज लोक ‘डम्ब केन’, म्हणजे मुका ऊंस, असें म्हणतात. मराठींत ह्या झाडास रूढ नांव नाहीं, म्हणून ह्या लेखांत आम्ही मुका ऊंस हेंच नांव वापरणार आहों.

ह्या झाडाविषयीं लिहिण्याचें कारण असें कीं, मोबाइलवरून एक मजकूर गेलीं कित्येक वर्षें फिरत आहे. त्यांत म्हटलेलें असतें कीं, ह्याचें पान खाल्लें तर मूल एका मिनिटांत व मोठा माणूस पंधरा मिनिटांत मरतो, आणि झाडास लावलेला हात डोळ्यास लागला तर दृष्टि कायमची जाते. हा मजकूर वाचून कोणी घाबरून झाड उपटतो व बांधापलीकडे फेकतो. दुसरा ती थट्टा समजतो व झाड पोराच्या हाताशीं तसेंच राहूं देतो. आमच्या मतें दोघेहि सारखेच चुकतात. झाड निरुपद्रवी नाहीं, पण यमदूतहि नाहीं. तें काय करतें व कसें करतें हें एकदां नीट समजलें म्हणजे त्यास कोठें ठेवावें व कसें हाताळावें हें ज्याचें त्यास ठरवितां येतें.

मुक्या उंसाची मूळ भूमि म्हणजे वेस्ट इंडीजचीं बेटें व त्यांच्या दक्षिणेस असलेला दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग. उत्तर व दक्षिण अमेरिका ह्यांच्या मध्यें कॅरिबियन समुद्र आहे. त्याच्या कडेनें बेटांची एक लांब माळ पसरलेली आहे. तींतील पोर्तो रिको, मार्टिनीक, ट्रिनिदाद इत्यादि बेटांवर डोंगरउतारांच्या ओल्या घळींत, ओढ्यांच्या कांठीं व मोठ्या वृक्षांच्या दाट सांवलींत हें झाड आपोआप वाढतें. कोंकणांत ज्या जागीं रानअळू माजतें तशी ती जागा समजावी. तेथें बाराहि महिने ऊब असते, पाऊस भरपूर असतो, आणि कडाक्याची थंडी अशी केव्हांच पडत नाहीं. त्यामुळें ह्या झाडास पानगळीचा ऋतु नाहीं. वर नवें पान उलगडतें, खालचें एखादें पिवळें पडून गळतें, व गळलेल्या पानाच्या जागीं दांड्यावर एक वळें उरतें. अशीं वळीं एकावर एक चढत गेलीं म्हणजे खालचा उघडा दांडा हुबेहूब उंसाच्या कांड्यांसारखा दिसूं लागतो. ‘ऊंस’ हें नांव त्यावरून पडलें. उंसाशीं त्याचें नातें मात्र कांहीं नाहीं. ऊंस हें गवत, आणि हें झाड अळूच्या कुळांतील.

शास्त्रीय पुस्तकांत ह्याचा प्रवेश ऑस्ट्रिया देशाच्या मार्गानें झाला. बादशहा पहिला फ्रान्सिस ह्यास आपल्या व्हिएन्ना येथील शोनब्रुन राजवाड्याच्या बागेकरितां परदेशची झाडें हवीं होतीं. त्यासाठीं त्यानें निकोलाउस याक्विन नांवाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञास वेस्ट इंडीजकडे धाडलें. याक्विन १७५९ सालीं परत आला व पुढील सालीं, म्हणजे १७६० मध्यें, त्यानें ह्या झाडास अळूवर्गांत घालून त्याचें नांव प्रसिद्ध केलें. पुढें १८२९ सालीं हाइनरिक शॉट ह्या पंडितानें अळूवर्गांतून ह्याची स्वतंत्र जात काढली, आणि तिला शोनब्रुन बागेचा मुख्य माळी योसेफ डिफेनबाख ह्याचें नांव दिलें. मोहीम बादशहानें काढली, खर्च बादशहानें केला, आणि नांव राहिलें तें माळ्याचें. ही गोष्ट आम्हांस मोठी न्यायाची वाटते. डिफेनबेकिया हा त्याच नांवाचा आपल्याकडील उच्चार.

कुंडींतील झाडास फूल क्वचितच येतें. आलें तर तें अळूच्या फुलासारखें असतें, म्हणजे एका हिरवट-पांढऱ्या आवरणाच्या आंत उभा असलेला दांडोरा. त्यावर खालीं मादीफुलें व वर नरफुलें असतात. मूळ देशांत भुंगे रात्रीं त्यांत शिरून परागांची ने-आण करतात. आपल्या धंद्यास फुलाचा उपयोग नाहीं, म्हणून तो विषय येथेंच सोडतों.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. शेतकरी वाचकांस ह्या झाडाच्या गुणाची ओळख नव्यानें करून देण्याची फारशी गरज नाहीं, कारण त्याचीं भावंडें आपल्या स्वयंपाकघरांत आहेत. अळू, सुरण आणि पावसाच्या आरंभीं ठाणें-रायगडच्या रानांत उगवणारीं शेवळीं हीं सर्व ह्याच कुळांतील. अळूचें पान कच्चें चावलें तर घसा खाजतो, म्हणून फदफद्यांत चिंच किंवा आमसूल पडतें. सुरण चिरण्यापूर्वीं हातास तेल लावतात. शेवळ्यांच्या भाजींत काकडाचीं आंबट फळें घालण्याची रीत तर त्या भागांतील लहान मुलींसहि ठाऊक असते. ही सर्व खबरदारी आपल्या आया-आज्यांनीं ज्या पदार्थासाठीं शोधून काढली, तोच पदार्थ मुक्या उंसांत आहे. मात्र त्याचा जोर पुष्कळ अधिक. अळू व सुरण हीं खाण्यासाठीं लावलेलीं पिकें असल्यामुळें त्यांचे कमी खाजरे वाण माणसानें पिढ्यानुपिढ्या निवडून ठेवले. सुरणाचा गजेंद्र वाण तर न खाजणारा म्हणूनच प्रसिद्ध आहे. मुक्या उंसाची निवड झाली ती केवळ पानाच्या रंगासाठीं. त्याच्या खाजेकडे कोणीं पाहिलें नाहीं, व पाहण्याचें कारणहि नव्हतें. म्हणून चिंच घालून व चांगलें शिजवून ह्याचीहि भाजी करतां येईल, असा विचार कोणीं स्वप्नांतहि आणूं नये.

दोहोंची पानें ओळखण्याची सोपी खूण अशी: अळूचा देंठ पानाच्या पाठीस, कडेपासून आंतल्या बाजूस चिकटलेला असतो व झाडास जमिनीवर दांडा नसतो. मुक्या उंसाचा देंठ पानाच्या अगदीं बुडाशीं जोडलेला असतो, तोच पुढें जाड मधली शीर होऊन टोंकापर्यंत जातो, आणि झाडास उभा, पेरांचा दांडा असतो.

ह्या पानाचा किंवा दांड्याचा अगदीं पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला, तर नेहमींच्या पेशींमध्यें मधून मधून कांहीं वेगळ्या, लांबोळक्या पेशी दिसतात. काडेपेटींत काड्या दाटून भराव्या तशा त्यांतील प्रत्येकींत शेकडों बारीक सुया एका दिशेनें रचून ठेवलेल्या असतात. ह्या सुया कॅल्शियम ऑक्झलेटच्या, म्हणजे चुन्याचें तत्त्व व ऑक्झलिक आम्ल ह्यांच्या संयोगानें झालेल्या, पाण्यांत न विरघळणाऱ्या क्षाराच्या असतात. दोन्ही टोंकें अणकुचीदार असतात, आणि सुयांभोंवतीं डिंकासारखा चिकट पदार्थ भरलेला असतो. पान चावलें किंवा कापलें कीं पेशीचें टोंक फुटतें, आंत पाणी किंवा लाळ शिरते, डिंक फुगतो, व त्याच्या रेट्यानें सुया एकामागून एक बाहेर फेंकल्या जातात. ज्यांचीं मुलें हायस्कुलांत आहेत त्यांनीं शिक्षकांकडून हें अवश्य पाहून घ्यावें. कापावर पाण्याचा थेंब टाकतांच सुया कशा सुटतात हें एकदां पाहिलें म्हणजे दहा मजकूर वाचण्याची गरज उरत नाहीं. मात्र काप शिक्षकांनींच घ्यावा.

ह्या सुया जिभेच्या व गालाच्या कोंवळ्या कातडींत रुततात. त्यांच्या अंगावर बारीक खांचा असतात व त्या खांचांतून झाडाचा दाहक रस आंत उतरतो असें मानतात. नुसत्या सुयांनीं एवढी सूज येणार नाहीं, रसांत प्रथिनें विरघळविणारें एखादें द्रव्यहि असलें पाहिजे, असें कित्येक शास्त्रज्ञांचें मत आहे. तें कसेंहि असो. आपल्यास लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, पेशी फुटल्याशिवाय सुया सुटत नाहींत. धडधाकट पानास हात लागल्यानें, झाडाजवळ बसल्यानें किंवा झाड खोलींत ठेवल्यानें कांहींहि होत नाहीं. अपाय होतो तो चावण्यानें, चुरगळण्यानें व कापण्यानें.

चावल्यास काय होतें तें आतां सांगतों. घांस तोंडांत फुटतो न फुटतो तोंच आग सुरू होते. ही आगच एका अर्थीं रक्षण करते, कारण मूल पहिल्याच चाव्यास रडून थुंकून टाकतें, व पोटांत फारसें जात नाहीं. त्यानंतर ओठ व जीभ सुजतात, लाळ गळूं लागते, गिळतांना त्रास होतो. जीभ फार सुजली तर ती तोंडांत वळेनाशी होते व शब्द उमटत नाहीं. ‘मुका’ हें नांव ह्यावरूनच पडलें आहे. हा त्रास कांहीं तासांत ओसरतो. घांस मोठा असल्यास कांहीं दिवसहि टिकतो. मृत्यु येणें ही अत्यंत विरळ गोष्ट आहे. आणि धोका उत्पन्न होतो तो रक्तांत विष भिनल्यामुळें नव्हे, तर सूज घशांत उतरून श्वासाचा मार्ग अरुंद झाल्यामुळें. मिनिटाचा व पंधरा मिनिटांचा हिशेब हा निव्वळ बनावट आहे. डोळ्यांत रस उडाल्यास विलक्षण आग होते, पाणी वाहतें, व सुया बुबुळाच्या पडद्यांत रुततात. तेव्हां डॉक्टरांस डोळा दाखविलाच पाहिजे. परंतु योग्य उपचारानें असा डोळा बहुधा बरा होतो.

उपचार साधे आहेत, पण ते तत्काळ झाले पाहिजेत. बोटास ओलें फडकें गुंडाळून तोंडांतील चोथा पुसून काढावा. गार पाण्यानें चुळा भरावयास लावाव्या, व नंतर गार पाणी किंवा दूध घोट घोट द्यावें. मीठपाणी पाजून ओकारी काढण्याची जी रीत आपल्या खेड्यांतून आहे ती येथें मुळींच करूं नये. जो पदार्थ खालीं जातांना घसा पोळतो तो वर येतांनाहि पोळतोच. तोंडास चिंच किंवा आमसूल लावण्याचाहि प्रयोग करूं नये. भाजी शिजतांना जें साधतें तें सुजलेल्या जिभेवर साधत नाहीं. आवाज घोगरा झाला, लाळ गिळतां येईनाशी झाली किंवा श्वासास आवाज येऊं लागला, तर घरीं वाट न पाहतां दवाखाना गांठावा, आणि झाडाचें एक पान पिशवींत घालून बरोबर न्यावें, म्हणजे डॉक्टरांस निदान करण्यास सोपें जातें. डोळ्यांत रस गेला असल्यास डोळा न चोळतां पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्याची धार धरावी व मग डॉक्टरांकडे जावें.

झाडाचा हा गुण त्याच्या मूळ देशांत फार पूर्वींपासून ठाऊक होता. १६८७ सालीं जमैका बेटावर गेलेला वैद्य हॅन्स स्लोन ह्याच्या ग्रंथांत ‘डम्ब केन’ ह्या नांवानें त्याचा उल्लेख आहे. त्या काळीं हीं बेटें साखरेच्या मळ्यांनीं भरलीं होतीं, आणि मळे चालत ते आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. मळ्याच्या कडेस खरा ऊंस व घळींत मुका ऊंस, असा तेथील शेजार होता. ज्या गुलामानें उलट शब्द काढला त्याच्या तोंडावर ह्या झाडाचा कापलेला दांडा घांसून त्याची जीभ बंद करण्याची शिक्षा तेथें देत असत. चाबकाचे वळ दिसतात. ह्या शिक्षेची खूण कांहीं दिवसांत नाहींशी होते, आणि त्या दिवसांत ज्यानें सोसलें त्याला सांगतांहि येत नाहीं. झाडानें सुया धारण केल्या त्या पान खाणाऱ्या प्राण्यांपासून स्वतःचा बचाव व्हावा म्हणून असें मानतात. त्यांचा असा उपयोग शोधून काढण्यास मनुष्यच लागला. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ सालीं कायद्यानें बंद झाली, व सक्तीच्या उमेदवारीचें जोखड १८३८ सालीं निघालें. त्यानंतर मळ्यांवर जे करारी मजूर नेण्यांत आले ते आपल्या देशांतून गेले. ट्रिनिदाद व जमैका येथें त्यांचीं पहिलीं जहाजें १८४५ सालीं लागलीं.

त्याच मळ्यांसंबंधानें आणखी एक नोंद आहे, ती गुऱ्हाळ चालविणाऱ्या वाचकांस गंमतीची वाटेल. उंसाचा रस फार चिकट असून नुसत्या चुन्यानें त्याचा दाणा नीट धरत नसे, तेव्हां जमैकांत कढईंत मुक्या उंसाचा रस घालीत, असें तेथील जुन्या वनस्पतिग्रंथांत सांगितलेलें आहे. आपण रसांतील मळी वर यावी म्हणून रानभेंडीचें पाणी घालतों, त्यांतलाच हा प्रकार असावा. आपली भेंडी बरी, एवढेंच आम्ही म्हणतों.

ह्या झाडाची दुसरी एक हकीकत ह्याहून भयंकर असून ती विसाव्या शतकांतील आहे. मुक्या उंसाच्या रसानें वंध्यत्व येतें अशी दक्षिण अमेरिकेकडे एक जुनी समजूत होती. जर्मनींतील माडाउस नांवाच्या औषध बनविणाऱ्या डॉक्टरानें उंदरांवर त्याचे प्रयोग करून १९४१ सालीं ते छापले. तो लेख वाचून आडोल्फ पोकोर्नी ह्या डॉक्टरानें त्याच सालच्या आक्टोबरांत नाझी सत्तेंतील बडा अधिकारी हिमलर ह्यास पत्र लिहिलें. पत्राचा मतलब असा कीं, जर्मनीच्या कैदेंत असलेल्या ३० लक्ष रशियनांस ह्या औषधानें वांझ करतां येईल, म्हणजे त्यांजकडून काम घेतां येईल व त्यांची प्रजा वाढणार नाहीं. तरी माडाउस ह्यानें ह्यापुढें ह्या विषयावर कांहीं छापूं नये, व झाडाची लागवड कांचगृहांत ताबडतोब सुरू करावी. कचेरीचा पत्रव्यवहार वाचण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा आम्हांस ह्या पत्राची भाषा ओळखीची वाटते, आणि त्यामुळेंच अंगावर कांटा येतो. खतांच्या मागणीचा अर्ज लिहावा तितक्या थंडपणें तो मनुष्य लिहितो. पत्रावर चौकशीचे हुकूमहि सुटले. परंतु झाड उष्ण प्रदेशांतील. जर्मनीच्या हवेंत तें उघड्यावर जगेना, व कांचगृहांत लागेल तेवढें निपजेना. ज्या थंडीस हें झाड भितें त्या थंडीनें एवढें एक चांगलें काम केलें. ह्या वनस्पतीचे कैद्यांवर प्रयोग झाल्याचें सिद्ध झालें नाहीं. १९४६-४७ सालीं न्युरेंबर्ग येथें २३ आरोपींवर जो खटला चालला त्यांत पोकोर्नी एक होता. औषधाचा गुण येणार नाहीं हें ठाऊक असून वरिष्ठांस भलत्या वाटेस लावण्यासाठींच आपण तें पत्र लिहिलें, असा त्यानें बचाव केला. न्यायाधीशांस तो पटला नाहीं. तथापि गुन्हा शाबीत होण्यास पुरावा अपुरा पडल्यामुळें त्यांनीं त्यास सोडून दिलें. आजच्या वैद्यकांत ह्या झाडास औषध म्हणून स्थान नाहीं.

एवढें वाचून हें झाड लावावें कीं लावूं नये असा प्रश्न कोणी विचारील. आम्ही म्हणतों, लावावें. सांवलींत टिकणारें, थोड्या देखभालींत राहणारें व बाराहि महिने विकलें जाणारें असें हें झाड आहे. मिरची डोळ्यांत जाते म्हणून कोणी मिरची लावण्याचें सोडलेलें नाहीं.

लागवडीसंबंधानें थोडक्यांत सांगतों. सुमारें तीन चतुर्थांश ऊन अडवील अशी जाळी असावी. भर उन्हांत पान करपतें. अगदीं अंधारांत ठेवलें तर पानावरील नक्षी फिकी पडते. माती भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी पाहिजे. नारळाचा भुसा, कुजलेला पाला व थोडी वाळू हें मिश्रण चांगलें मानवतें. निव्वळ काळी माती घातल्यास मुळें कुजतात. वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्यावें, व कुंडीखालच्या बशींत पाणी सांचूं देऊं नये. ह्या झाडाचे रोगी आम्हीं जेवढे पाहिले ते बहुतेक सर्व पाणी कमी पडून नव्हे, तर जास्त होऊन आजारी पडलेले होते. उष्णमान १८ ते २७ अंश सेंटिग्रेड असतां वाढ उत्तम होते, १० ते १२ अंशांच्या खालीं पानांस इजा पोहोंचते. निफाडसारख्या ठिकाणीं हिंवाळ्यांतील रात्रीं पारा ह्याहून पुष्कळ खालीं जातो. तेथील लोकांनीं त्या दिवसांत कुंड्या आडोशास न्याव्या.

रोपें करण्यासाठीं जुन्या झाडाचा शेंडा कापून लावतां येतो, किंवा दांड्यास गुटी बांधतां येते. उरलेल्या दांड्याचे, उंसाच्या बेण्याप्रमाणें, दोन दोन डोळ्यांचे तुकडे करून ते एक-दोन दिवस सांवलींत सुकवावे, व ओलसर वाळूंत आडवे, अर्धे वर राहतील असे ठेवावे. ऊब असल्यास महिन्या-दोन महिन्यांत कोंब येतात. दांडा मऊ पडून त्यास घाण येऊं लागली तर तो कूज आणणाऱ्या जंतूंचा रोग समजावा. तें झाड वाचविण्याच्या नादीं न लागतां काढून टाकावें, व त्याच्यावर चाललेला चाकू साफ केल्यावांचून दुसऱ्या झाडास लावूं नये. हा रोग बेण्यांतून पसरतो म्हणून मोठ्या रोपवाटिका आतां ऊतिसंवर्धनाचीं रोपें घेतात. पिठ्या ढेकूण व लाल कोळी ह्यांचाहि उपद्रव होतो, तो पानाच्या मागल्या बाजूस पाहत जावा.

कापणीचें काम करणाऱ्या मजुरांस रबरी हातमोजे द्यावे, व डोळ्यांस चष्मा असल्यास अधिक चांगलें. कापतांना त्याच हातानें कपाळाचा घाम पुसूं नये, तंबाखू मळूं नये. बायांचीं तान्हीं मुलें जाळीखालीं खेळत असतात, त्यांची सोय दुसरीकडे करावी. ह्या कामाचा कोयता किंवा चाकू निराळा ठेवावा. त्यानें मागाहून काकडी चिरली म्हणजे काय होईल हें सांगावयास नको. घरांत झाड ठेवणें असल्यास रांगणाऱ्या मुलाच्या हातास लागणार नाहीं अशा उंचीवर ठेवावें, व पिवळीं पानें खालीं गळून पडण्यापूर्वींच काढावीं.

शेवटीं कापलेल्या पाल्याविषयीं. त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. आमच्या शेजारच्या गांवीं दोन वर्षांपूर्वीं एका गृहस्थांनीं तो मोबाइलवरचा मजकूर वाचून ओसरीवरचा मुका ऊंस उघड्या हातांनीं कोयत्यानें तोडला, व तुकडे उकिरड्यावर टाकले. संध्याकाळीं रानांतून आलेल्या कालवडीनें हिरवें दिसलें म्हणून त्यांत तोंड घातलें. तिची जीभ बाहेर आली, लाळेच्या तारा लोंबूं लागल्या, व दोन दिवस तिनें वैरणीस तोंड लावलें नाहीं. जनावरांच्या डॉक्टरांनीं तोंड धुवून उपचार केले, तिसऱ्या दिवशीं तिनें कडबा खाल्ला. गृहस्थांचीं मनगटें रात्रभर खाजत होतीं तें वेगळेंच. ज्या मुलाच्या काळजीनें हा सर्व खटाटोप झाला तें मूल त्या आठवड्यांत मामाच्या गांवीं होतें. झाड कुंडींत होतें तोंपर्यंत कोणास अपाय नव्हता.

म्हणून पाला व दांडे बांधावर, ओढ्यांत किंवा उकिरड्यावर न टाकतां दीड-दोन हात खोल खड्ड्यांत पुरावे व वर माती दाबावी. शेळ्या चरणाऱ्या जागेजवळ हा खड्डा घेऊं नये. ओल्या जागीं टाकलेला दांड्याचा तुकडा पुन्हां रुजतो हेंहि लक्षांत असूं द्यावें. आणि जे हीं झाडें विकतात त्यांनीं प्रत्येक कुंडीस एक चिठ्ठी बांधावी: ‘झाड शोभेचें आहे, पान अथवा दांडा तोंडांत घालूं नये, कापल्यावर हात साबणानें धुवावे.’ चिठ्ठी पाणी घालतांना भिजते, तेव्हां ती न पुसणाऱ्या शाईनें लिहावी.